चाळीस दिवसांचा कोर्स

१२ नोव्हेंबर १९७२, रविवार. सकाळी सात.
आजपासून रोजनिशी. शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहील, म्हणून सरळ लिहितो. लग्नाला दोन वर्षं होत आली आणि आमचं सुरू व्हायच्या आधीच माझं संपतं. एकदा-दोनदा नाही, दर वेळी. पुष्पा कूस बदलते, मी घोरल्यासारखं करतो. पण मी ट्रेंड शिक्षक आहे. प्रॉब्लेम आहे म्हणजे उत्तर असणारच. दिवाळीच्या सुट्टीत निकाल लावायचा.

१४ नोव्हेंबर.
मेथड: मनात पाढे म्हणायचे, म्हणजे लक्ष दुसरीकडे राहतं. एकोणिसाचा घेतला. एकोणीस त्रिक सत्तावन्नपर्यंत पोचलो. प्रगती आहे. पुष्पाने विचारलं, ओठ का हलवताय? तिने विचारल्यामुळेच बिघडलं.

१९ नोव्हेंबर.
खरं कारण सापडलं. तिच्या बांगड्या! आवाजाने कंट्रोल जातो. बुधवारीच काढून ठेव म्हटलं. म्हणाली, नवरा जिता असताना बांगड्या उतरवू व्हय? त्यानंतर चार दिवस नीट बोललेली नाही. शिवाय पलीकडच्या खोलीत आई खोकते. अशा परिस्थितीत कोणाचंही हेच होईल.

२६ नोव्हेंबर.
नगरला जाऊन आलो. स्टँडजवळच्या लॉजवर एक फिरते वैद्यराज उतरले आहेत. बाहेर पाटी: शीघ्रपतन, धातुदौर्बल्य, शर्तिया इलाज. नाडी धरून म्हणाले, तरुणपणीच्या चुका, आतून पोकळ झालात, उशीर केलात तर वंश बुडेल. मी घाबरलो नाही. पाय कापत होते ते एस.टी.त उभं राहिल्यामुळे. राखाडी भस्म दिलं. चाळीस दिवस, दुधातून. तोवर पत्नीजवळ जायचं नाही. ही अट मला फार शास्त्रीय वाटली.

१० डिसेंबर.
ओसरीवर झोपतो. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव. पोटात मुरडा. म्हणजे औषध लागू पडतंय. पुष्पाने विचारलं, माझं काय चुकलं? म्हटलं, वेळ आली की कळेल.

२० डिसेंबर.
जेवताना आईने विषय काढला. दोन वर्सं झाली, घरात पाळना न्हाई, सुनंला बाहेरचं लागलंय. पुष्पा तव्यासमोर होती. मी खरं सांगणारच होतो, पण तोंडात घास होता. घास गिळेपर्यंत देवऋषीचा वार ठरलासुद्धा.

२३ डिसेंबर.
देवऋषी घरीच आला. मिरच्यांची धुरी दिली. मग निरगुडीच्या फोकाने झाड, म्हणजे अंगात शिरलेलं भूत, उतरवलं, असं तो म्हणतो. मी उंबऱ्यात उभा होतो. पुष्पा ओरडली नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, तुमी आत्याबाईंना का सांगत न्हाई? मी म्हटलं, चार जानेवारीला कोर्स संपतोय, मग सांगायची गरजच उरणार नाही. पाठीवर वळ आहेत. हळद लाव म्हणून सांगितलं.

५ जानेवारी १९७३.
टेस्ट झाली. एकोणीस एके एकोणीस. पुढचं लिहीत नाही.

७ जानेवारी.
नगर. वैद्यराज लॉज सोडून गेले. मॅनेजर म्हणाला, तुम्ही आज विचारणारे तिसरे. म्हणजे मागणी असलेला माणूस. मुरड्याच्या दिवसांत चुकलेल्या चार पुड्या उरल्या आहेत. डोस डबल.

१४ जानेवारी.
संक्रांत. आईने खालच्या आळीतल्या कडूबाईला लेकीसकट बोलावलं. मुलीला तिळगूळ देताना आई तिला जवळ बसवून न्याहाळत होती. मी बजावलं, दुसरं लग्न केलं तर नोकरी जाईल. आई म्हणाली, हीच आपल्या पायानं जाईल, मग कसली नोकरी जातीय?
संध्याकाळी पुष्पा मळ्यातल्या विहिरीच्या काठावर उभी दिसली. घागर नव्हती. दोर नव्हता. यंदा विहिरीत पाणी नाहीच, नुसता खडक. कदाचित तेच बघत असेल. हाक मारावीशी वाटली. अंधार पडायच्या आत ती आपणच घरी आली. काळजीचं कारण नाही.

२६ जानेवारी.
झेंड्याची दोरी हातात धरवेना, बोटं थरथरत होती. मुलांसमोर खाली कोसळलो. बहुधा ऊन.

२७ जानेवारी.
पुष्पाने एकटीने मला पाथर्डीच्या डॉक्टरांकडे नेलं. ती बाहेर बाकावर बसली. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या. काळी रेघ. भस्मात शिसं असणार, म्हणाले, आणखी महिनाभर घेतलं असतं तर मास्तर, शाळा कोणी घेतली असती? रक्त तपासायला नगरची चिठ्ठी दिली. मग मी मूळ विषय सांगितला, भिंतीकडे बघत. ते हसले नाहीत. म्हणाले, पुष्कळ पुरुषांना होतं, अंगात पोकळ काही होत नाही. भीती आणि घाई, दोन्ही एकमेकींना वाढवतात. परीक्षा दिल्यासारखं जवळ जाऊ नका. आवरेनासं व्हायला लागलं की थांबा, श्वास घ्या, ओसरू द्या, पुन्हा सुरू करा. आणि तिच्याशी बोला. तिला आत बोलवा, दोघांना एकदमच समजावतो.
मी म्हटलं, पुढच्या वेळी.
परतीच्या एस.टी.त पुष्पाने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, पित्त.

२९ जानेवारी.
शाळेतून आलो तर पुष्पा पारनेरला, माहेरी गेलेली. ट्रंकही नाही. आठवड्यात येईल.

११ फेब्रुवारी, रविवार.
पारनेर. सासरे काकासाहेब यांनी अंगणातच पाणी दिलं आणि गोठ्याकडे निघून गेले. पुष्पा दारात आली. मी पहिल्यांदाच सगळं तोंडाने बोललो. आजार, भस्म, डॉक्टर, सगळं. ती शांतपणे म्हणाली, ते मला पयल्या म्हैन्यातच कळलं हुतं. त्येचं मला काईच न्हवतं, हळूहळू झालं असतं नीट. पन मला मारत हुते तवा तुमी उंबऱ्यात उभं हुता.
म्हटलं, आईला सगळं सांगतो. तिने विचारलं, कधी?
म्हटलं, वार्षिक परीक्षा होऊ दे.
ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

रात्री घरी. आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, यायचं नाही म्हणते. आई म्हणाली, मग उद्या कडूबाईला बोलावती.
मी बोलणार होतो. भाकरी गरम होती, जेवून घेतलं.