पाटीखालची भाकर

आबा, तुमाला जाऊन लई वर्सं झाली आन् मला पत्र लिवायची सवय न्हाई. चौथीत शाळा सुटली, ती बी तुमीच सोडवली. तवा बरं हाय का, कसं चाललंय, असलं काय इचारत न्हाई. मेलेल्या माणसाला ते इचारून उपेग काय? येका कुत्र्याची गोष्ट मनात अडकलीया, ती सांगते आन् उठते. डाळ शिजाया टाकलीया.

माझी नात पुण्यात जनावरांच्या डाक्टरचं शिकती. मागल्या पंधरवड्यात हितं शिवऱ्याला आली आन् मोबाईल बघत म्हणली, "आज्जे, माणसावानी कुत्र्यांत बी डावखुरी आसत्यात. कुणी उजवा पाय आदी टाकतं, कुणी डावा. त्यात चांगलं-वाईट काय नसतं." म्या म्हणलं, "हे बघाया मोबाईल लागतो व्हय? माझ्या अडाणी बापाला ठाव व्हतं." तर म्हणती, "मग हे आयक. कुत्री हागाया बसताना उत्तर-दक्षिण बसत्यात म्हणं. त्यांला दिशा कळती." म्या आठ दिस दारातल्या कुत्र्यावर ध्यान ठिवलं. ते कुठं बी तोंड करून बसतंय. येकदा तर माझ्या तुळशीम्होरं बसलं, चपलीनं हाकललं. पण पोरीचं ते पयलं बोलणं काय डोस्क्यातनं जाईना. चांगलं-वाईट काय नसतं, म्हणं. तुमाला कोण सांगणार व्हतं?

पासली गावाच्या वरच्या अंगाला आपली वस्ती. तुमी अंगणात पिल्लांची पारख करताय. म्या आठ-नऊ वर्सांची, आईच्या मागं हुबी. चार-पाच म्हयन्यांची तीन पिल्लं हायेत. तुमी भुईवर भाकरीचा तुकडा ठिवता, वर बांबूची पाटी पालथी घालता आन् येक येक पिल्लू सोडता. उजव्या पायानं पाटी उकरंल ते ठिवायचं, डाव्यानं उकरंल ते घालवायचं. का, तर डावं कुत्रं मेंढरांचा कळप उलटा वळवतं, कड्याच्या बाजूला. हे तुमच्या बापानं तुमाला सांगितलं आन् तुमी कवा तपासलं न्हाई. दोन पिल्लं उजवी निघाली. तिसरं, कानावर पांढरा ठिपका आसलेलं, त्यानं डाव्या पायानं पाटीच उलटी केली आन् भाकर घेऊन पळालं. म्या हसले. तुमी माझ्याकडं बघितलं. "हसतीस काय? डावं हाय ते. तुझ्यावानी."

माझा डावा हात तवा कमरेला बांधलेला व्हता. जेवताना तो आदी ताटाकडं जायचा म्हणून तुमी शेरडाच्या दाव्यानं बांधायचा, आन् जेवण झालं तरी सोडायचा न्हाई. तुमी रानात गेला की आई सोडायची, तुमचा खाकरा आयकला की परत बांधायची. कुणाला पाणी दिलं, डाव्यानं दिलं. दार लोटलं, डाव्यानं लोटलं. "डावी कुठली!" ही तुमची शिवी. माझ्या नावानं हाक मारलेली मला आठवत न्हाई.

ते पिल्लू तुमी पोत्यात घातलं, तोंड सुतळीनं आवळलं आन् बोकडं न्यायाला आलेल्या माणसाच्या टेम्पोत टाकलं. त्याला म्हणला, "पानशेतला धरणाकडं सोडून द्या." म्या पडवीत रडले तर तुमी म्हणला, "कुत्र्यासाठी रडतीस, गप ऱ्हा." पाचव्या दिशी सकाळी म्या शेण काढत व्हते. वरच्या पायवाटेनं कायतरी लंगडत येताना दिसलं. टेम्पो गेला व्हता रस्त्यानं लांबचा येढा घालून, हे आलं डोंगरावरनं नाकासमोर. येक कान फाटलेला, नख्या झिजून रगात आलेलं. मला वाटलं तुमी आता दगूड उचलणार. तुमी खाली बसला. त्याचे पाय हातात घेऊन बघितले. मग शेरडी पिळली आन् सोताच्या पितळीत त्याला दूध दिलं. "बघ," आईला म्हणला, "पोत्यात घालून न्येलं, वाट डोळ्यानं बघितली न्हाई, तरी दिशा चुकलं न्हाई. ह्याला म्हणायचं जनावर!"

मग ते ऱ्हायलं. कळप चढणीला लागला की ते आपसूक डावीकडनं चालायचं. आपल्या त्या वाटंला कडा डाव्याच अंगाला. उजवी दोगं वरच्या बाजूनं, हे कड्याच्या बाजूनं, आन् मेंढरं मधी. ते व्हतं तवर येक मेंढरू खाली गेलं न्हाई. तुमी समद्या वस्तीला सांगत सुटला, "माझं डावं लई गुणाचं." माझं डावं! तोच शब्द, आबा. त्याच तोंडातला. म्या भाकरी थापत आयकत व्हते, उजव्या हातानं, वाकड्यातिकड्या.

माझं लगीन हितं शिवऱ्याला लावून दिलं. सासूला पयल्या दिशीच कळलं. वाढताना हात चुकायचा. ती पाव्हण्यांम्होरं म्हणायची, "हिच्या बापानं मेंढरं वळवली, पोरगी वळवली न्हाई." दुसऱ्या वर्सी सणाच्या दिशी नैवेद्याचं ताट म्या डाव्या हातानं उचललं, तर तिनं तापलेलं उलातनं हातावर टेकवलं. दुपारी म्या चूळ भरायला म्हणून भाईर पडले, ती निघालेच. एसटीला जवळ काय नव्हतं. दोन दिस चालले. आपल्याकडचा तोरणा गड डोळ्याम्होरं धरला आन् चालले. कुणाला वाट इचारली न्हाई.

वस्तीवर पोचले तर सगळ्यात आदी ते कुत्रंच पळत आलं. म्हातारं झालं व्हतं. आईनं हाताला तूप लावलं. तुमी हात बघितला, लांबनंच. म्हणला, "कितींदा सांगितलं व्हतं तुला." बास. मला वाटलं सकाळी तरी कायतरी बोलाल. सकाळी तुमी पटका बांधून दारात हुबं. "चल, पयली एसटी गावंल." म्या म्हणलं, "आबा, तुमी त्याला ठिवून घेतलं." तुमाला कळलं बी न्हाई म्या कुणाबद्दल बोलते. तुमी म्हणला, "येडी हायस का? लगीन झालेल्या पोरीचं घर तिकडं. तुला दिशा कळंना व्हय?"

कुत्रं आपल्यासंगट फाट्यावर आलं, माझ्या डाव्या अंगानं. एसटी हालली तसं ते मागं पळालं, थोडंच. तुमी शीळ घातली. ते वळलं आन् घर धरलं. म्या मागच्या खिडकीतनं बघत व्हते.

सासू गेली, तुमी गेला, आई गेली. तुमचं कळलं तवा म्या आले, तोंड बघितलं, परत आले. लोक म्हणले, पोरीच्या डोळ्याला पाणी न्हाई. नव्हतंच. म्या काय डोळं चोळून काढणार व्हते?

गेल्या पावसाळ्यात हायवेच्या कडंला येका कुत्रीनं पिल्लं घातली. म्या बी पाटी पालथी घातली, खाली भाकर ठिवली. नात हसली, "आज्जे, हे काय गं?" डाव्यानं उकरलं तेच पिल्लू ठिवून घेतलं. तुमाला दाखवायला. तर हे येडं निघालं, समोरच्या हाटेलापासनं घरी येताना बी चुकतंय, रोज आणावं लागतं. आणते. दूध घालते. दिशा कळली तरच दूध, असं माझ्या दारात न्हाई.

नातीला सांगितलं म्या माझ्या बापाला पत्र लिवणार हाय. ती हरखली, "मग डाव्या हातानंच लिव आज्जे, मजा यील." मघाशी भाईरनं इचारलं तिनं, "डाव्यानं लिवतीस ना?" म्या म्हणलं, "व्हय." तिला बरं वाटलं.

हा कागुद कुठं धाडणार? पाटीखाली ठिवून देते. पण तुमाला खरं सांगते. डाव्यानं येक ओळ लिवून बघितली. मलाच वाचता यीना. ती फाडली, आन् हे समदं उजव्यानं लिवलं.