क्रियापद नसलेलं गणित

सोमवार, ३ फेब्रुवारी

आठवीच्या गणिताची शेवटची प्रुफं आज माझ्या टेबलावर. गुरुवारी छपाई.

पान १४२ वर अडखळले. वर लिहिलंय, ‘पुढील समीकरणे सोडवा’. खाली २क्ष + ६, ५क्ष − १० अशी पाच उदाहरणं. एकालाही बरोबरचं चिन्ह नाही! आणि मागे उत्तरं मात्र ऐटीत छापलेली — क्ष = −३, क्ष = २.

गणितात मी यथातथाच. पण वाक्य अपुरं असलं की मला लगेच टोचतं. इथे क्रियापदच नाही! ‘धाकट्या भावाचं वय’ — बरं, त्याचं काय? ‘धाकट्या भावाचं वय चाळीस आहे’ म्हटलं, की खरं-खोटं करता येतं. पहिली ती राशी, दुसरं ते समीकरण. बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आहे’!

मुख्य संपादकांकडे गेले. त्यांनी मानही वर केली नाही. “तुम्ही काना, मात्रा, वेलांटी बघा. सरांचं पुस्तक आहे ते. चाळीस वर्षं शिकवलंय त्यांनी.”

माझी सहा महिन्यांची उमेदवारी या महिन्यात संपतेय. पक्की करायची की घरी पाठवायची, हे याच साहेबांच्या हातात. प्रुफं उचलून जागेवर परत आले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गप्प बसवेना. सकाळी आई शर्टाला बटण लावत होती. तिलाच विचारलं — “दोन डबे आहेत. दोन्हींत सारखीच बटणं. वर सहा सुटी. सांग, एका डब्यात किती?”

“मला काय विचारतेस? डबा उघड!”

“बरं, सगळी मिळून वीस आहेत.”

“मग सात. हे आधी नाही का सांगायचं? अर्धवट बोलायची तुझी खोड काही जात नाही.”

आई चौथी शिकलेली. तिला कळलं!

बुधवार, ५ फेब्रुवारी

पुस्तक लिहिणाऱ्या सरांना परस्पर फोन केला. म्हणाले, “उत्तरं आहेत ना मागे? मग छापा.” खट्कन ठेवला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काय दिवस होता आजचा!

अकराला मशीन सुरू झालं. तडक खाली गेले आणि मशीनवाल्या काकांना म्हटलं, “थांबवा.” कुठून आलं हे धाडस, कुणास ठाऊक! काकांनी माझ्याकडे पाहिलं, बटण दाबलं. आवाज बंद झाला तसे साहेब जिना उतरून आलेच, लालबुंद.

“कुणाच्या परवानगीनं?”

“साहेब, एकच मिनिट. दोन क्ष अधिक सहा. क्ष एक धरा.”

“आठ. मग?”

“दहा धरा.”

“सव्वीस.”

“दोन्ही चालतं ना? क्ष काहीही असू दे, राशीची काही तक्रार नाही. मग पुस्तक उणे तीनच का म्हणतंय? पुढे ‘बरोबर शून्य’ असेल तरच ते खरं. ते चिन्हच नाहीये! पोरं सोडवणार काय? अन् सुटलं नाही की स्वतःलाच ढ म्हणणार.”

साहेबांनी कागद घेतला. खिशातलं पेन काढलं, काहीतरी आकडे टाकले, खोडले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. मग साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं — = ०. पाचही ठिकाणी!

“नवी प्लेट करा,” म्हणाले.

काका हळूच म्हणाले, “बाई, बत्तीस वर्षांत असं कुणी मशीन थांबवलं नव्हतं.”

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पक्की झाले!! साहेब पत्र देताना एवढंच म्हणाले, “यापुढे गणिताची पुस्तकंसुद्धा तुमच्याकडे.” आईनं पत्र तीनदा वाचायला लावलं. सही कुणाची, तेही वाचायला लावलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

सरांची मुलगी ऑफिसात आली होती. मला बाजूला घेतलं. “बाबांचं हल्ली असंच होतंय. परवा मलाच विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात?” पिशवीतून नववीच्या पुस्तकाचं हस्तलिखित काढलं. “लिहिणं थांबवलं तर ते खचतील. तुम्ही आधी बघाल का? कुणाला न सांगता?”

हो म्हणाले.

अक्षर किती सुंदर आहे त्यांचं!