कोऱ्या चिठ्ठ्यांवरची सही

समुद्रपूर, १४ फेब्रुवारी १९७९

आज वर्ध्याला वकिलांकडे जाऊन आलो. हलक्या कापसाला वरचा दर्जा दिला, असा खटला आहे माझ्यावर. खरेदी केंद्रावर प्रतवारी मीच करायचो ना! जेवायला जाताना दर्जा लिहायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवायचो, बैलगाड्या उन्हात ताटकळू नयेत म्हणून. मागून त्यांवर कोणी काय लिहिलं, कधी पाहिलंच नाही. हा गुन्हा की मूर्खपणा?

वकील म्हणाले, “सही माझी नाईच म्हना. सुटून जासान.”

सही माझीच आहे. पण सुटून तरी काय? मला तो कापूस हवाय. चिमूटभर घेऊन दोन्ही अंगठ्यांनी धागा ओढायचा, अन् गाडीवाला माझ्या तोंडाकडे बघत उभा. निलंबित केल्यापासून यंदाचा हंगाम घरात बसूनच चाललाय.

संध्याकाळी ही देवाच्या वाती वळत होती. तिच्या पुढ्यातला कापूस नकळत उचलला, धागा ओढला.

“सांगा मंग, कोणता दर्जा?” ती हसली.

“हलका,” मी म्हणालो. बोटांना अजून कळतं.

हात हाच. सहीही याचीच. कोर्टात असंच सांगेन.