सायलोतला पिवळा धूर

वेस्टर्डाल, विस्कॉन्सिन
१८ सप्टेंबर १९७९

ती. बोर्घिल्ड आत्यास,
रागनाचा सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? फोनवर तुला सगळंच भुंग्याच्या गुणगुणीसारखं ऐकू येतं, म्हणून लिहिते आहे. वाचल्याबरोबर तू बाबांना पत्र टाक. ते कोणाचं ऐकत असतील तर फक्त मोठ्या बहिणीचं.

आपला सायलोचा बुरूज शुक्रवारी भरला, मक्याची कुट्टी अगदी काठोकाठ. सावडीला दरवर्षीचीच शेजारची घरं होती. कुट्टी वर फेकणारा ब्लोअर सगळ्यांत मिळून एकच, त्यामुळे काम संपताच तो ओपडालांकडे रवाना झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मुरघास सपाट करायला एकटेच वर चढले. आधी ब्लोअर चालवून कुट्टीतून सुटलेला विषारी वायू बाहेर काढायचा असतो, हे त्यांना का माहीत नाही? पण ब्लोअर होता कुठे! खाली लीफदादाला शिडीच्या बोळातून पिवळट धूर उतरताना दिसला, ब्लीचसारखा वास आला. त्याने ओरडून ओरडून त्यांना खाली आणलं. खोकून खोकून जीव कासावीस झाला होता. म्हणे, धूळ गेली घशात!

आता खोकला थांबलाय. ताटभर पॅनकेक खातात आणि मलाच हसतात. आत्या, भीती आहे ती हीच. तो वायू फुप्फुस आतून जाळतो, मग माणसाला बरं वाटतं, आणि काही आठवड्यांनी, ध्यानीमनी नसताना, श्वासाच्या बारीक नळ्या बंद व्हायला लागतात. त्यात माणूस जातो. आमच्या दवाखान्याच्या डॉ. प्रिचर्डनीही तपासून हेच सांगितलं. गोळ्या दिल्या, महिनाभर विश्रांती सांगितली आणि रोज छाती तपासायचं काम माझ्यावर सोपवलं.

बाबा म्हणाले, हिचे लंगोट मी बदललेत, ही अर्धी डॉक्टर माझी छाती काय तपासणार! शिवाय सावड फेडायची आहे. लोकांनी आपल्याकडे राबायचं आणि आपण खाटेवर लोळायचं, हे ट्वायटनांच्या घरात कधी झालेलं नाही. अख्खं गाव दवाखान्यात माझ्याकडून टाके घालून घेतं, पोरांचे कान दाखवतं. पण पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं.

तुझा लोभ आहेच. त्यातला थोडा रागाच्या रूपाने बाबांकडे पाठव.

तुझी,
रागना


ड्युलूथ
२२ सप्टेंबर

चि. रागना हिस,
बोर्घिल्ड आत्याचे अनेक आशीर्वाद.

गुडघा होता तिथेच आहे. या वृद्धाश्रमातली कॉफी म्हणजे कप विसळलेलं पाणी, आणि पेल्टोलाबाई पत्त्यांत लबाडी करते. हे सगळं तुला मजेत लिहिणार होते, पण तुझं पत्र वाचलं आणि आयनार आठवला.

आयनारकाका तुला फक्त भिंतीवरच्या फोटोतला ठाऊक. आमच्यातला थोरला. तोही एका सप्टेंबरात सायलोतून असाच गुदमरून खाली आला होता. आईने गरम दूध पाजलं, दोन दिवसांत हुंदडायलाही लागला. पुढे ऑक्टोबरात तुझ्या बाबाने हट्ट करून त्याला तळ्यावर बदकांच्या शिकारीला नेलं. दोघं भिजून आले. त्याच आठवड्यात आयनारला ताप भरला, ओठ निळे पडले, आणि तो गेला. सगळे न्यूमोनिया म्हणाले. दफनाच्या दिवशी चार माणसांदेखत आमचे वडील तुझ्या बाबाला, हाल्वोरला, म्हणाले, की तळ्यावर तू नेलंस त्याला. पोरसवदा होता गं तो! त्या दिवसापासून तुझा बाप पाण्यावर गेलेला नाही. तुम्हा पोरांना वाटायचं, त्याला मासेमारीचा कंटाळा आहे.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे तळ्यामुळे नव्हतंच ते? इतकी वर्षं आम्ही त्याला उगीच जाळत ठेवलं?

त्याला आजच लिहिते. शिव्याही घालते आणि हेही सांगते. तू त्याच्यावरची नजर हलवू नकोस. एक भाऊ त्या बुरुजाने खाल्ला, तेवढा पुरे झाला.

आशीर्वाद मागायची तुला गरज नाही, ते तुझ्या नावावरच आहेत.

तुझी आत्या,
बोर्घिल्ड


तालुक्याचं इस्पितळ
१२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. बाबांच्या खाटेशी बसून लिहिते आहे.

तुझं पत्र त्यांनी गोठ्यात उभ्याने वाचलं. मग माझ्याकडे येऊन एवढंच विचारलं, की भिजण्याचा त्यात काही संबंध असतो का. मी म्हटलं, काकांना मी तपासलेलं नाही, पण आत्या सांगते ते सगळं त्या वायूशीच जुळतं. भिजून नळ्या जळत नाहीत. ते बरं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सावडीतल्या पुढच्या घरी हजर! वर चढणार नाही, फक्त ट्रॅक्टर चालवेन, असा शब्द दिला आणि तो पाळलाही. गोळ्यांचं मात्र विचारू नकोस. त्या शर्टाच्या खिशात राहून धुण्यात विरघळल्या, हे मला फार उशिरा कळलं.

काल चर्चच्या तळघरात लुटेफिस्कचं जेवण होतं. माशावर लोणी ओतता ओतता बाबांना हुडहुडी भरली. बायका म्हणाल्या फ्लू आहे, गावभर पसरलाय, कॉफी द्या. फ्लू खरंच पसरलाय गं! पण मी त्यांचा हात हातात घेतला तर नखं निळी. दवाखाना समोरच, तिथे नेऊन ऑक्सिजन लावला. डॉ. प्रिचर्ड मुलीच्या लग्नाला दूर गेलेले. त्यांना फोनवर बोलावून घेतलं. सूज उतरवणारं इंजेक्शन लगेच द्यायला हवं होतं. पण हा साधा जंतूंचा न्यूमोनिया असला, तर तेच इंजेक्शन घात करू शकलं असतं. ते म्हणाले, कान तुझा त्यांच्या छातीवर आहे, माझा नाही, तुला काय ऐकू येतंय ते सांग.

आत्या, माझ्या बापाच्या छातीत काय वाजतंय ते मला ऐकायचं होतं, आणि माझंच काळीज इतकं धडधडत होतं की काही ऐकूच येईना. बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांना बोलवत नव्हतं, नुसतं धरून ठेवलं. मग नीट ऐकलं: दोन्ही बाजूंना सगळीकडे सारखीच बारीक चरचर, न्यूमोनियाची असते तशी एकाच जागी नाही. डॉक्टरांना सांगितलं, हा वायूच आहे. ते म्हणाले, मग दे, जबाबदारी माझी. मी दिलं.

इथे आल्यावर कारकुनाने विचारलं, यांचे डॉक्टर कोण. बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

अजून ऑक्सिजनवर आहेत. आज-उद्यात कळेल, असं इथले डॉक्टर म्हणतात. आत्या, मला फार भीती वाटते आहे. चुकले असेन तर?

तू प्रार्थना करतेसच. आज जरा मोठ्याने कर.

तुझी,
रागना


वेस्टर्डाल
२६ ऑक्टोबर

ती. ताईस,
हाल्वोरचा शि. सा. न.

मी पत्र लिहीत नाही, हे तू जाणतेस. सोमवारी घरी आलो. जिना चढताना दम लागतो, बाकी ठीक. मुलीचं निदान बरोबर निघालं. ती रोज येऊन छाती तपासते, मी सदरा वर करतो आणि सांगेल तसा श्वास घेतो. गोळ्या लीफ मोजून हातावर ठेवतो. मी काय लहान आहे?

सावडीच्या घरांनी ठरवलंय, मुरघास सपाट होईपर्यंत ब्लोअर तिथून हलवायचा नाही. ओपडाल कुरकुरला. रागनाने नुसतं बघितलं त्याच्याकडे, तर बरं बरं म्हणाला.

तुझं पत्र उशीखाली आहे. वडील बोलले ते शब्द मी रोज ऐकत आलो, ताई. नांगरताना, दूध काढताना, चर्चमध्येसुद्धा. तू लिहिलंस, मुलगीही तेच म्हणते. ती माझ्या बाबतीत चुकली नाही, म्हणजे यातही चुकली नसणार. तरी सकाळी उठलो की पुन्हा खरं वाटत नाही, मग पत्र काढून वाचतो. घडीवर फाटायला आलंय.

एक काम कर. गुडघ्याचं नको, पेल्टोलाबाईचं नको, दुसरं काही लिहू नकोस. जाड कागदावर मोठ्या अक्षरांत एवढंच लिहून पाठव, की हाल्वोर, तळ्यामुळे नव्हतं.

तुझा धाकटा,
हाल्वोर