वाणातले हत्ती

पनवेल,
रथसप्तमीनंतरचा रविवार

ती. स्व. चारुदत्तदादांस,

कमलाकरचा शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींचे गुडघे आणि तुमची साखर ताळ्यावर असेल अशी आशा. इकडे आम्ही जिवंत आहोत. सुखरूप म्हणायची छाती होत नाही.

सुमती कापडी हत्ती शिवून विकते हे तुम्हाला ठाऊक आहेच. (पोटात कापूस भरणं आणि डोळ्यांची बटणं लावणं माझ्याकडे. निवृत्त माणसाला घरात हीच खाती मिळतात.) मध्यंतरी आमच्या निनादने सांगितलं की मुलांच्या खेळण्यांना आता चाचणी आणि आयएसआय शिक्का लागतो. प्रयोगशाळेत म्हणे डोळे ओढून बघतात, कापड पेटवून बघतात. खर्च ऐकून आमचेच डोळे पांढरे झाले. हस्तकला कारागीर म्हणून नोंदणी केली तर सवलत आहे, पण ती अजून व्हायची आहे. सुमती म्हणाली, करू. मी मात्र तेव्हापासून दाराची बेल वाजली की आधी खिडकीतून बघतो.

त्यातच आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका जमलेल्या, वाणाला प्लास्टिकचे डबे आणून ठेवलेले, आणि दारात फाईल घेतलेला एक इसम. मला वाटलं, शिक्का तपासायला खात्याचा माणूसच आला. मी आतले सगळे हत्ती उचलले आणि डब्यांऐवजी तेच बायकांच्या हाती वाण म्हणून दिले. बायका खूश, सुमती डबे हातात घेऊन उभी. इसम उलव्यातले प्लॉट विकणारा निघाला. शिवाय प्रत्येक हत्तीच्या पोटावर सुमतीचं नाव नि मोबाईल नंबर शिवलेला (ही जाहिरातीची कल्पनाही माझीच). पुरावा लपवायला गेलो आणि अख्ख्या आळीत वाटून बसलो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या हौसाकाकू दारात. म्हणाल्या, "भावजी, हत्ती बेस हाय, पन त्याचा डोला नातीच्या मुठीत गावला. तोंडात नाय गेला, देवाची किरपा."

दादा, चूक माझी. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून या खेपेची बटणं मी गोंदाने चिकटवली होती. आता मला खात्याची भीती उरली नाही, त्या मुठीची वाटते. वाण परत मागायचं नसतं, म्हणून घरोघरी जाऊन चहा घेतो, हत्ती मांडीवर घेतो आणि त्याचे डोळे ओढतो. निघाले की खिशात. लोक माझ्याकडे काळजीने बघतात. प्रयोगशाळेतली माणसं वेडी नाहीत, एवढं मात्र पटलं. सुमती आता डोळे दोऱ्यानेच भरते आणि बटणांचा डबा तिने कुलपात ठेवला आहे.

वहिनींना नमस्कार, सूनबाई रुचिराला आशीर्वाद.

आपला,
कमलाकर

ता. क. तुमच्या नातवाच्या, अथर्वच्या बारशाला आम्ही दिलेला हत्ती याच खेपेतला. आधी त्याचे दोन्ही डोळे जागेवर आहेत का ते बघा. नुसतं बघू नका, जोर लावून ओढा.

आणखी एक. सुमतीने हे आत्ता वाचलं. म्हणते, पोर हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि तुम्ही वहिनींचे गुडघे विचारत बसलात. खरं आहे. फोन करायचा धीर होईना, म्हणून लिहीत बसलो, दादा. पत्र राहू दे. फोन लावतोय. उचला.