चर्चच्या नळाचं पाणी

माझ्या टॅन्सी पोरीला अर्व्हेला मावशीचा पापा,

सरकारी हमीचं घरकर्ज आपल्या काउंटीत कुणाला मिळतं, ते तू मला तोंडपाठ म्हणून दाखवलंस: घर शहराबाहेर हवं, कमाई बेताची हवी आणि बोअरचं पाणी शुद्ध हवं. पहिल्या दोन्हींत तू बसतेस.

तिसऱ्यासाठी तपासणीवाला आला. नमुना त्यानंच भरायचा, घर विकणाऱ्यानं हात लावायचा नाही, असा नियम. पण आपल्या दरीत दारी आलेल्याला उपाशी कोण धाडतं? मी त्याला माझ्या पडवीत बसवून घेवड्याची उसळ आणि मक्याचा गरम पाव वाढला. घर विकणारा माझा दीर व्हर्लिन म्हणाला, "जेवा हो निवांत! पाव निवला तर वहिनी मलाच लाटण्यानं बडवेल. नमुना मी आणतो भरून."

पाहुणा हसला आणि जेवत राहिला. व्हर्लिन मात्र बोअर सोडून चर्चच्या नळाकडे गेला. मी पाहिलं.

मागाहून म्हणाला, "वहिनी, पोर शेजारी यावी असं तुलाच वाटतं ना? मग तोंड शिवून बस."

वरची कोळशाची खाण खचल्यापासून त्या बोअरच्या पाण्याला कोंबड्यासुद्धा तोंड लावत नाहीत गं.

हे लिहिता लिहिताच तुझा फोन आला. "मावशी, पास झालं! उद्या सह्या. तू शेजारी असताना बाळाची कसली काळजी?"

मी म्हटलं, "कसली गं."

तुझीच,
अर्व्हेला मावशी