मेथीत गेलेलं ट्रेनिंग

३ नोव्हेंबर, सोमवार
पाणी व्यवस्थापनाचं आठवडाभराचं ट्रेनिंग संपवून वाशीमला परत. आता मी मास्टर ट्रेनर. दुपारची सत्रं डोळे मिटून ऐकली. एकाग्रता वाढते. साहेबांनी आल्या आल्या जबाबदारी दिली: येत्या सोमवारी मेडशीजवळच्या छोट्या कालव्यावर आमच्या नव्या कर्मचाऱ्यांना शिकवायचं. पाणी कसं मोजायचं, गेट कसं चालवायचं, शेवटच्या शेतापर्यंत पाणी कसं पोचवायचं.
संकल्प: रोज पहाटे उठून पुस्तिका वाचणे.

४ नोव्हेंबर
उठलो नाही. थंडी.
तनुजाने विचारलं, काय शिकवणार. म्हटलं, कपॅसिटी बिल्डिंग. ती म्हणाली, "कोनाची?" बायकोशी टेक्निकल बोलू नये.

६ नोव्हेंबर
ट्रेनिंगचा ग्रुप फोटो आला. मागच्या रांगेत माझा कान स्पष्ट दिसतो. त्या नादात पुस्तिका राहिली.
उज्ज्वला मॅडम, आमच्या ऑफिसातल्या इंजिनिअर, ट्रेनिंगला सोबत होत्या. सारखं लिहून घ्यायच्या. म्हणाल्या, सर, एकदा जाऊन गेट चालवून बघू या. मी म्हटलं, तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी कालव्यावर आहे. गप्प बसल्या. पटलं असणार.

९ नोव्हेंबर, रविवार
आरशासमोर भाषण. उत्तम. गेटचं काय, चाक फिरवलं की झालं. कोट इस्त्रीला.

१० नोव्हेंबर, संध्याकाळी
भाषण चांगलं झालं.
मग गेट. सगळ्यांना पाणी नीट दिसावं म्हणून पूर्ण वर घेतलं. मॅडम हळूच म्हणाल्या, सर, थोडंच. तोवर ते वर जाऊन अडकलं. चाक दोन्हीकडे फिरवून पाहिलं. गेट जुनं आहे, त्याला मी काय करणार. पाणी काठावरून उतरून शेजारच्या आवडाबाईंच्या भाजीच्या मळ्यात शिरलं. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं उद्याच्या बाजारासाठी तयार.
मॅडम स्कूटीवरून वरच्या मोठ्या गेटाकडे गेल्या. कर्मचारी पॅन्ट वर करून चिखलात उतरले, हाताला येईल ती मेथी उपटू लागले. आवडाबाई मला म्हणाल्या, "साहेब, तुमी काहून उभे राह्यले? या ना खाली."
मी फोन कानाला लावला. हो, हो, बंद करा, असं मोठ्याने बोलत राहिलो.
पलीकडे कोणी नव्हतं.
थोड्या वेळाने पाणी थांबलं. आवडाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "साहेबानं फोन लावला म्हून पाणी थांबलं." टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. तेवढ्यात मॅडम परत आल्या. ओढणीपर्यंत चिखल. त्यांनी ऐकलं, ओढणी पिळली.
एवढ्या लोकांत खुलासा करणं बरं दिसलं नसतं.

१२ नोव्हेंबर
कालव्याचा चौकीदार चंपत मेथीची जुडी घेऊन घरी आला. "आवडामावशीनं तुमच्यासाठी देल्ली." तनुजाने भाजी केली. सगळ्यांना आवडली. मी ताट सरकवलं. तिला सांगितलं, अ‍ॅसिडिटी.
उद्या मॅडमना सांगणे, फोन खोटा होता.

१३ नोव्हेंबर
मॅडम कामात होत्या. मीही.

१५ नोव्हेंबर
एसटीने मेडशीला गेलो. आवडाबाईंना सांगून टाकायचं. स्टँडवर चहा घेतला. त्यांची झोपायची वेळ असेल, असं वाटलं. परत.

१७ नोव्हेंबर, सोमवार
साहेबांनी ट्रेनिंग पुन्हा ठेवलं. ट्रेनर उज्ज्वला मॅडम. मला यायची गरज नव्हती. गेलो. आधी मळ्यात.
आवडाबाई वाफे नीट करत होत्या. सगळं सांगितलं. फोन खोटा होता, पाणी मॅडमनी थांबवलं.
त्या म्हणाल्या, "मले माहीत हाये. तुमी बोलून राह्यले होते न् मंधातच तुमचा फोन वाजला. समद्यायनं आयकलं."
मग मुद्दाम तसं का म्हणालात, विचारलं.
"तुमच्या हाताखालचे लोकं होते ना. कसं दिसलं असतं?"
मला वाटलं होतं, ओरडतील. ते सोपं गेलं असतं.
बूट काढून खुरपं मागितलं. थोडा वेळ तण काढलं. "राहू द्या साहेब," त्या म्हणाल्या, "तुमी तन सोडून सांबार उपटून राह्यले." आणि मला बांधावर बसवलं.
तिकडे गेटापाशी मॅडम शिकवत होत्या. इतक्या लांबून काही कळेना. तसाच अनवाणी जाऊन कर्मचाऱ्यांच्या मागे उभा राहिलो. मॅडमनी बोलता बोलता हजेरीचा कागद माझ्याकडे दिला. ट्रेनरच्या जागी त्यांची सही झालेली होती. मी खाली, शिकाऊ लोकांत केली.